‘आपोआप’ म्हणे!

ज्या वस्तूला ‘स्वयंचलित’ हे विशेषण लागते, तिच्यामागे कोणीतरी माणूस हमखास राबत असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्या पोहण्याच्या तलावाचा तळ झाडणारे यंत्रच घ्या. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनंड शोव्हिए या अभियंत्याने तलावाच्या पंपाच्या ओढीवर चालणारे यंत्र काढले. पुढे मोटर आणि गाळणी पोटातच बाळगणारे यंत्रमानव आले. पहिले स्वस्त, पण पंपाचा जोर खाणारे. दुसरे महाग, पण आपला कचरा आपल्याच पोटात ठेवणारे. ज्याने त्याने आपला तलाव आणि आपला खिसा पाहून निवडावे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझे भांडण आहे ते ‘आता निश्चिंत व्हा’ या बतावणीशी. हे यंत्र तळ घासते. पाण्यात क्लोरीन घालणे किंवा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखणे हे त्याचे काम नव्हे. म्हणजे तळाची फरशी लखलखते, आणि वरच्या निवळशंख पाण्यात जंतू सुखाने नांदू शकतात. त्याच पाण्यात आपण पोरांना सोडतो! बरे, भरलेली गाळणी धुतो कोण? माळी. वायरीचा पीळ सोडवतो कोण? तोच. मालक मात्र पाहुण्यांना ऐटीत सांगतात, “आमच्याकडे सगळं आपोआप होतं!”

यंत्र जरूर घ्यावे. पण पाणी तपासायचे काम मालकाने स्वतः करावे, आणि त्या ‘आपोआप’चा पगार माळ्याला द्यावा.