माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढा

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत जनसागराने त्यांना अखेरचा निरोप दिला. त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण करायला नामदेवराव व्हटकर हे आपल्यातलेच लेखक-कलावंत धावले, तेही पदरमोड करून. फिल्म तेव्हा फुटांवर मोजली जात होती आणि प्रत्येक फुटाला पैसा पडत होता. तरीही त्या माणसाने कॅमेरा चालू ठेवला. दादरच्या रस्त्यावरचा तो आक्रोश आज आपली नातवंडे पडद्यावर पाहू शकतात, याचे श्रेय अशा माणसांना आहे.

आता आम्ही समाजाला एक साधा प्रश्न विचारतो. १९५६ साली एका कलावंताने कर्जाची पर्वा न करता जे केले, ते पुढे कॅमेरा स्वस्त झाल्यावर आपण सर्वांनी मिळून किती केले? आणि जे केले, ते आज कुठे आहे?

१९८३ साली सोनी कंपनीने कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच डब्यात बसवून कॅमकॉर्डर घरगुती गिऱ्हाइकांसाठी बाजारात आणला. पहिल्या यंत्रात टिपलेले पाहण्याची सोयसुद्धा नव्हती; कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घालावी लागे. दोन वर्षांत हातात मावणारा हँडिकॅम आला, १९९५ पासून मिनी डीव्हीची काडेपेटीएवढी कॅसेट आली. आपल्या वस्त्यांत ही यंत्रे विकत घेण्याची ऐपत कोणाची होती? पण नाक्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याने एक घेतले आणि ‘व्हिडिओ शूटिंग’ हा शब्द घरोघरी पोहोचला. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या, म्हणजे १९९१ च्या आसपास, जयंतीच्या वर्गणीतून शूटिंगचे पैसे बाजूला काढले जाऊ लागले. खांद्यावर कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा, त्याच्या हातातली वायर पायात येते म्हणून ओरडणारे कार्यकर्ते. हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा पन्नाशीचा भीमसैनिक सापडणे कठीण.

त्या कॅमेऱ्याने काय काय टिपले! त्रिशरण-पंचशील घेऊन लागलेली लग्ने, भीमजयंतीच्या मिरवणुका, विहारांची उद्घाटने, वर्षावासातली प्रवचने आणि रात्रभर चालणारे गायन पार्ट्यांचे सामने. हा शेवटचा ठेवा सर्वांत मोलाचा, असे आमचे ठाम मत आहे. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरच गेले. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पण त्यांच्यामागे गावोगाव उभे राहिलेले शेकडो शाहीर, कव्वाल, ढोलकीवाले, कोरसमध्ये उभ्या राहणाऱ्या आयाबाया यांना कोणत्या कंपनीने स्टुडिओत बोलावले? सवाल झाला की जागेवरच जवाब रचणारा गायक त्या रात्रीपुरताच असतो. त्याचे ते कडवे कोणत्याही पुस्तकात नाही. असलेच तर कुठल्यातरी व्हीएचएस कॅसेटवर आहे, आणि ती कॅसेट कुठल्यातरी माळ्यावर आहे.

परवा अशाच एका विहाराच्या माळ्यावरून उतरवलेली पेटी आम्ही पाहिली. एकवीस कॅसेटी. नऊंवर कसलेही नाव नाही. चारांवर पांढरी बुरशी. एकीवर ‘जयंती’ एवढेच लिहिलेले, साल नाही. आणि एकीवर ‘सामना’ हा शब्द खोडून त्याच्याखाली ‘बारसे’! म्हणजे रात्रभराच्या गाण्यावर कोणीतरी बारसे टिपले. बारसेही आपलेच आहे, बाळाचा राग नाही. पण व्हीएचएस कॅसेटच्या कडेची एक प्लॅस्टिकची पट्टी मोडली असती तर त्या कॅसेटवर पुन्हा काही टिपताच आले नसते. इतकी साधी गोष्ट कोणी केली नाही.

जे टिपले त्यातही आपला दोष दिसतो. पाहुण्यांच्या हारतुऱ्यांना पाऊण तास आणि शाहिराला दोन कडवी! पुढाऱ्याचे भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मंडपाच्या मागे पांढऱ्या साड्या नेसून तासन्‌तास बसलेल्या माता-भगिनी एका झोक्यात पार. शूटिंगवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. पैसे देणारे जिकडे बोट दाखवतात तिकडे कॅमेरा वळतो.

प्रस्थापितांच्या माध्यमांकडून अपेक्षा करावी, तर त्यांचा इतिहास ‘मूकनायक’च्या काळापासून आपल्याला पाठ आहे. चैत्यभूमीवर लोटणाऱ्या जनसागराची त्यांनी वर्षानुवर्षे काय बातमी केली? वाहतुकीची कोंडी आणि शिवाजी पार्कवरचा कचरा. तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर उभ्या असलेल्या रांगा त्यांच्या कॅमेऱ्याला दिसत नव्हत्या. त्या आपल्या पोरांच्या कॅमेऱ्यांना दिसल्या.

हा प्रश्न केवळ आठवणींचा असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. १९९१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला रस्त्यावर झोडपले. समोरच्या इमारतीतील एका प्लंबरने ते आपल्या हँडिकॅमवर टिपले. सगळ्या जगाने पाहिले, पण १९९२ साली ज्युरीने पोलिसांना दोषी धरले नाही. पुढच्या वर्षी केंद्रीय न्यायालयात मात्र त्यांतील दोघे दोषी ठरले. ती टेप तोवर शाबूत होती, हे लक्षात घ्या.

आणि आपल्याकडे? ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, संतप्त जमाव, राज्य राखीव पोलीस दलाचा गोळीबार, दहा मृत्यू. टँकर पेटवले जाणार होते, असे कारण पुढे करण्यात आले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. गोळीबार समर्थनीय नव्हता, असा ठपका न्या. गुंडेवार आयोगाने ठेवला. सत्र न्यायालयात पोलीस अधिकारी दोषी ठरायला २००९ साल उजाडले. या सबंध काळात आनंद पटवर्धन आपला कॅमेरा घेऊन वस्त्यांत येत राहिले. चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ उभा राहिला. त्यात गोळीबार आहे, घोगरे आहेत आणि वस्तीची गाणीही आहेत. गाणी आणि पुरावा हे आपल्याकडे वेगळे करता येत नाहीत.

मोर्चात पोलिसांचाही कॅमेरा असतो. त्यांची प्रत त्यांच्या दप्तरी जाते. आपली प्रत माळ्यावर सडते.

चुंबकीय फीत दमट हवेत टिकत नाही. तिच्यावरचा लेप सुटतो, बुरशी धरते. ती चालवायचे यंत्रही आता मिळेनासे झाले आहे; व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची मोठी कंपनी २०१६ साली थांबली. दुरुस्त करणारे जुने कारागीर एकेक करून दुकाने बंद करीत आहेत. तेव्हा प्रत्येक विहार समितीने, प्रत्येक जयंती मंडळाने पुढच्या जयंतीची वाट न पाहता माळा उघडावा. बुरशी लागलेली कॅसेट घाईने यंत्रात घालू नये, फीतही जाते आणि यंत्राचे हेडही. बाकीच्या उभ्या ठेवाव्यात, स्पीकरपासून लांब. संगणकावर उतरवून एक प्रत विहारात आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी. उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट भंगारात देऊ नये. न्यायालयात मूळ कोणते आणि ते कोणी टिपले, हे विचारले जाते. डीजेवर उधळल्या जाणाऱ्या वर्गणीचा एक लहान भाग या कामाला पुरेल.

आणि हे करताना वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना पडद्यासमोर बसवा. त्या विहारात आम्ही एक कॅसेट लावून पाहिली. चित्र हलत होते, आवाज बरा होता. पेटीवर बसलेला गायक कोण, हे समितीतल्या एकालाही सांगता येईना. मागे बसलेल्या एका आजींनी नाव सांगितले, गाव सांगितले, ढोलकीवर त्याचा धाकटा भाऊ आहे तेही सांगितले. कॅसेटवर ते त्यांच्याच समोर लिहून घेतले. उरलेल्या वीस कॅसेटी पाहायला आजी पुढच्या रविवारी येणार आहेत.