तारण कुणाचे, सही कुणाची?

कर्जाचा अर्ज समोर आला की बँकेत पहिला प्रश्न असतो, तारण काय? दुसरा त्याहून महत्त्वाचा : तारणाच्या मालकाची सही आहे का? अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा अलीकडचा व्यवहार पाहताना माझ्यासारख्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला हा दुसरा प्रश्न राहून राहून पडतो.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा. त्याचे वेड असे की, एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाखाहून अधिक प्रेक्षक मावतात. आसपासच्या विद्यापीठांनी गट करून आपसांत खेळायचे, ही जुनी रीत. या गटाला म्हणतात कॉन्फरन्स. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शन हक्कांवरची मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली. पुढे कॉन्फरन्स आपापले हक्क विकू लागल्या आणि चाहता हा हिशेबातला आकडा झाला.

हा आकडा मोजायचा कसा? २०१४ मध्ये 'बिग टेन'ने न्यू जर्सीचे रटगर्स विद्यापीठ घेतले, ते काही मैदानावरच्या पराक्रमासाठी नव्हे. डोळा होता न्यूयॉर्क परिसरातल्या केबलच्या घरांवर. सामना बघा वा न बघा, वाहिनीचे पैसे बिलातून जातच. पुढे केबल सोडणारे वाढले, तेव्हा प्रत्यक्ष सामना पाहणाऱ्याला मोल आले. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या बड्या विद्यापीठांनी बिग टेनची वाट धरली. मागोमाग इतरही गेली. १९१५ पासूनचा वारसा सांगणाऱ्या 'पॅक-१२'मध्ये २०२४ च्या हंगामाला उरली दोनच : ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

वॉशिंग्टन स्टेटचे गाव पुलमन. वस्ती सुमारे ३३ हजार आणि मैदानाची क्षमताही जवळपास तेवढीच. गावाची ही निष्ठा ना केबलच्या हिशेबात बसली, ना प्रेक्षकसंख्येच्या.

पैसा आला तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. त्यातून इतर खेळ चालतात. २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंनाही थेट वाटा देऊ शकतात, हे न्याय्यच झाले. पण त्याच पैशापायी लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉलपटू मुलींना सामन्यासाठी पार न्यू जर्सी गाठावी लागते. फुटबॉलच्या हिशेबाचा भार त्यांच्या अभ्यासावर का?

माझा आक्षेप व्यापाराला नाही, सहीला आहे. विकले गेले ते पिढ्यांचे प्रेम आणि शेजाऱ्याशी असलेले गोड वैर. ज्यांचे ते होते, त्यांना कुणी विचारले? वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी, वाटा वेगळ्या झाल्यावरही, आपसांतला वार्षिक सामना २०२८ पर्यंत खेळायचे ठरवले. एवढे भान प्रत्येक करारात हवे. असे सामने आधी राखून ठेवावेत, मग बोली लावावी.

केबलचा हिशेब दहा वर्षांत फिरला, आजचाही फिरेल. घर, जमीन, सोने यांचा लिलाव करता येतो. आटलेल्या निष्ठेची वसुली मात्र कोणत्याही बँकेला जमलेली नाही.