पाळणा कोणी हलवायचा?

दिवाळीच्या अंकात आईची थोरवी गाणारा एखादा लेख असायचाच. चकलीचा तुकडा तोंडात टाकून तो वाचावा, डोळ्यांच्या कडा ओलावाव्यात आणि अंक शेजारी द्यावा, असा आपला रिवाज. रिवाज वाईट नाही. पण आईची आरती ओवाळण्यात आपण इतके रमलो आहो, की तिच्या कडेवरचे मूल घटकाभर खाली ठेवायला जागा कोठे आहे, हे पाहायचे राहूनच गेले. हा लेख त्या जागेविषयी आहे. तो गोड नाही. पण फराळात चिवडाही असतोच.

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. नामदेवांची नर्सी आमची, औंढ्याचा नागनाथ आमचा, आणि वसमतच्या हळदीचा लौकिक तर दूरवर पोचलेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथे सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी, आणि थंडी सरता सरता हळद काढणे, शिजवणे, वाळवणे. यांतले एकही काम बायांच्या हातावाचून होत नाही. बाई पहाटे भाकरी थापून निघते ती दिवेलागणीला परतते. मग तिच्या दोन वर्षांच्या लेकराचे काय होते? ते एक तर बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळीत निजते, नाही तर थोरल्या बहिणीच्या कडेवर बसते.

ही थोरली बहीण मला शाळामास्तर म्हणून चांगली ठाऊक आहे. ती आठ-नऊ वर्षांची असते. सुगी आली की हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरी लागू लागते, आणि विचारावे तर उत्तर ठरलेले : "गुरुजी, माय कामाला गेली. लेकरू कोन धरील?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा २००९ साली झाला. पण सक्ती करायची कोणावर? त्या पोरीवर, तिच्या मायवर, की झोळीतल्या बाळावर? शाळेच्या भिंतीवर मुलीच्या शिक्षणाची घोषणा रंगवलेली असते; आणि जिच्यासाठी ती रंगवली, ती भिंतीपलीकडे भावाला खेळवीत उभी असते.

हे कोडे नवे नाही, आणि ते सोडवणाऱ्या दोन बायका महाराष्ट्रात होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा भरवली. आणि धाकट्या भावंडांपायी मुली अडकतात हे ओळखून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्या आवाराला नाव दिले 'विकासवाडी'. बहीण वर्गात, भाऊ पाळण्यात, आई कामावर! किती साधी गोष्ट! पण ती सुचायला मुलाच्या उंचीवरून जग पाहावे लागते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि ताराबाईंचा शब्द गावोगाव पोचला. शब्द पोचला, पण त्यामागची समजूत वाटेत सांडली. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले काही तास बसतात, खिचडी खातात, गाणी म्हणतात. तीन वर्षांखालच्या बाळासाठी शिध्याचे पाकीट घरी दिले जाते. हे काम मोलाचे आहे; त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण शिध्याचे पाकीट बाळाला मांडीवर घेत नाही. आणि अंगणवाडी सुटते तेव्हा बाईची पात अर्ध्यावरही आलेली नसते. सरकारचे घड्याळ निराळे, सोंगणीचे घड्याळ निराळे. या दोहोंच्या मधल्या वेळात ती नऊ वर्षांची पोर उभी आहे.

येथे प्रतिष्ठित मंडळी घसा खाकरून म्हणतात, "अहो, मूल सांभाळणे हे आईचे काम. त्यात गावाने कशाला पडावे?" त्यांना मी नम्रपणे विचारतो, की आपल्या घरी हे काम एकट्या आईने केले काय? आजी होती, आत्या होती, कामाची बाई होती, शहरात असाल तर पैसे भरून पाळणाघर होते. एकट्या आईने मूल वाढवावे, हा नियम आपण फक्त गरिबांपुरता केला आहे. त्यांच्या घरी आजी नसते काय? असते, पण तीही हळदीच्या कामावर असते! गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागायला विठोबा धावून आला, असे आपण भक्तिभावाने सांगतो. त्या कथेतला देव काय सांगतो? राबणाऱ्या बाईच्या जात्याला दुसरा हात लागतो, हे सांगतो. आपण मात्र कथा घेतली आणि हात मागे घेतला.

दुसरा आक्षेप पैशाचा. मूल सांभाळणे ही मजुरी आहे, हे सरकारने स्वतःच लिहून ठेवलेले आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी व तिला मजुरी द्यावी. म्हणजे कागदावर खडी फोडणे आणि लेकरू सांभाळणे यांची किंमत एकच! वाचकांनी एखाद्या कामावर जाऊन ती बाई शोधावी, खडी सापडेल. अंगणवाडीतल्या ताईंचे तरी काय? त्यांना पगार नाही, 'मानधन' आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ पर्यंत रस्त्यावर राहिल्या. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. गावाची मुले जिच्या हाती, तिच्या हाती काय पडते, हे विचारणे आपल्याला अशिष्ट वाटते. गावाच्या वेशीवर कमान उभारताना मात्र पैशाची अडचण कधी ऐकू येत नाही.

आणि जी माणसे गावातच राहत नाहीत, त्यांचे काय? दिवाळी आटोपते न आटोपते तोच आमच्या खेड्यांतून आणि तांड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून हिशेबात 'एक कोयता' धरतात. दोन माणसांचे एक हत्यार झाले. मग बरोबरच्या लेकराची मोजदाद कोण करणार? ते फडाच्या कडेला, पाचटावर, पहाटेच्या थंडीत पडून असते. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सोय होती. पण कोयता कारखान्याचा नव्हे, मुकादमाचा, म्हणून ती सोय गेटाच्या आतच थांबली. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले. विटांच्या ढिगाऱ्याशेजारी जे जमले, ते उसाच्या फडाशेजारी का जमू नये? साखर गोड लागते तोवर आपण हा प्रश्न विचारीत नाही, एवढेच.

मागणी मोठी नाही. सुगीच्या महिन्यांत प्रत्येक गावाने एक खोली उघडावी. सभामंडप चालेल, समाजमंदिर चालेल. ती बाई कामावर निघते तेव्हा उघडावी आणि ती परतते तेव्हा मिटावी. गावातल्याच दोन बाया नेमाव्या आणि त्यांना शेतातल्या रोजाइतका रोज ग्रामपंचायतीने द्यावा. चार झोळ्या, स्वच्छ पाणी, ऊन ऊन वरण-भात. टोळीबरोबर जाणाऱ्या लेकरांसाठी हेच कारखान्याने फडावर करावे. धर्मादाय म्हणून नव्हे, उपकार म्हणून नव्हे. विहीर आणि पाणंद जशी गावाची, तसा पाळणाही गावाचा, म्हणून.

भाऊबीजेला आपण बहिणीला ओवाळणी घालणार आहोत. ज्या बहिणीने भावाला कडेवर घेऊन आपले वर्ष घालवले, तिच्या ताटात काय घालायचे? मला विचाराल तर तिचा भाऊ तिच्या कडेवरून उतरवून घ्यावा आणि तिच्या हाती पाटी द्यावी. याहून मोठी ओवाळणी आमच्या हिंगोलीत नाही.