वर्ग वेगळे, शाळा एकच



या भित्तिपत्रकात आपण सुविचार वाचतो, कोडी सोडवतो. आज मी माझे एक मत मांडणार आहे. पटले तर घ्यावे, न पटले तर तसे पुढच्या अंकात लिहावे.

माझे मत असे, की शाळेतले प्रत्येक मूल हे शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाचे आहे. "तो माझ्या वर्गातला नाही" हे वाक्य शाळेच्या आवारात ऐकू येता कामा नये.

रोजचंच बघा ना. एका वर्गात चपला ओळीत काढाव्या लागतात, शेजारच्या वर्गात कशाही फेकल्या तरी चालतात. एक बाई नळावर रांग लावायला सांगतात, दुसरे गुरुजी बघून न बघितल्यासारखं करतात. ताटात खिचडी टाकली तर एक जण रागावतो, दुसरा हसून सोडून देतो. पोरं काय खुळी नसतात. दोन दिवसांत त्यांना कळतं, की हा नियम शाळेचा नाही, माणसाचा आहे. मग ती माणूस बघून वागायला शिकतात. ही सवय मोठेपणी सुटत नाही.

अभ्यासाचेही तेच. चौथीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही. चौथीचे गुरुजी म्हणतात, पायाच कच्चा आहे. खालच्या वर्गाच्या बाई म्हणतात, माझ्याकडे होता तेव्हा येत होतं. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही, पण त्या पोराची गत मात्र 'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' अशी होते.

आपल्या सातारा-सांगली भागात तर याची परीक्षा दरवर्षी होते. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बरोबर पोरं असतात. एखादा वयाने तिसरीचा, पण बाराखडी विसरलेला. हंगाम संपला की तो जाणार. हे मूल कुणाचे? एकट्या वर्गशिक्षकाने सगळा वर्ग सांभाळून त्याच्यासाठी करायचे तरी किती? पण पहिलीच्या बाईंनी रोज अर्धा तास अक्षरे घेतली, पाचवीच्या गुरुजींनी बेरीज-वजाबाकी घेतली, सहावीतल्या एखाद्या ताईने शेजारी बसून धडा वाचून घेतला, तर तो परत जाताना वाचता होऊन जाईल. नाही तर जसा आला तसाच जाईल.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. खर्चाला पैसा नव्हता तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिले. ही पोरं कुणाची, असं त्या माउलीने विचारलं नाही. रयतचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाचा भार एकट्या खोडावर नसतो. पारंब्या जमिनीत उतरून तो वाटून घेतात.

कुणी म्हणेल, सगळ्यांचं काम ते कुणाचंच नसतं. खरं आहे. म्हणून वर्गशिक्षक हवाच आणि मुलाच्या प्रगतीची नोंद त्यानेच ठेवावी. पण शाळेचे नियम चार-पाचच असावेत. मुलांना विचारून, सर्व शिक्षकांनी एकत्र बसून ते ठरवावेत आणि प्रत्येक वर्गात तेच लावावेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास बसावे. मागे पडलेल्या पाच मुलांचा विचार करावा आणि कोणासाठी कोण काय करणार ते वहीत लिहावे. मुलांची नावे मात्र त्या वहीतच राहावीत, भिंतीवर नकोत.

काही पालक म्हणतात, छडी गेली आणि धाक गेला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी केली, हे योग्यच झाले. छडी असायची तेव्हाही पोरगं त्या एका गुरुजींपुढेच गप्प बसायचं. सगळे गुरुजी-बाई एकच गोष्ट, एकाच शब्दात, न रागावता सांगू लागले तर छडीची गरज उरत नाही.

पालकांनाही एक विनंती. घरी मुलासमोर "त्या बाई कडक, हे गुरुजी बरे" अशी वाटणी करू नका. काही खटकलं तर शाळेत या, बोला.

आणि मुलांनो, पहिलीतलं पोर नळावर धडपडलं तर त्याचा वर्ग विचारू नका. आधी हात द्या.

गाव करील ते राव काय करील, अशी म्हण आहे. शाळेचेही तसेच आहे. येत्या शनिवारी बसू या का?

— आपल्यातलाच एक शिक्षक