'हो'चा अर्थ काय?

आयटीत तीन-चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, 'क्रॉस-कल्चरल ट्रेनिंग' नावाच्या प्रकारात त्याचा अर्धा दिवस कधी ना कधी गेलेला असतो. स्लाइड्स ठरलेल्या. जर्मन माणूस तोंडावर बोलतो. जपानी माणूस गप्प बसतो. अमेरिकन माणसाला सगळंच 'ग्रेट' वाटतं. आणि भारतीयांना 'नाही' म्हणता येत नाही. मग समोसा, चहा, फीडबॅक फॉर्म, आणि सोमवारपासून पुन्हा तोच कॉल आणि तोच गोंधळ.

यातल्या शेवटच्या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. आपल्याला 'नाही' म्हणता येत नाही? आणि हे पुण्यात बसून ऐकायचं? :)

खरं म्हणजे आपण दिवसभर 'नाही' म्हणत असतो, फक्त शब्द वेगळे असतात. 'बघू.' 'जमलं तर नक्की येतो.' 'घरी विचारून सांगते.' लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या काकूंना 'बघतो हं' म्हटलं की त्या मनातल्या मनात एक ताट कमी करतात. कुणीच कुणाला फसवलेलं नसतं. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ सालच्या 'बियाँड कल्चर' या पुस्तकात हेच मांडलं होतं. काही समाजांत अर्थ बराचसा शब्दांत असतो, तर काहींत तो प्रसंगात, नात्यात, आवाजात असतो. जपानी माणूस मीटिंगमध्ये 'केंतो शिमासु' म्हणतो, म्हणजे 'विचार करतो'. बऱ्याचदा त्याचा अर्थ विषय संपला असा असतो. 'बघू'वर वाढलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळायला हवं.

गडबड होते ती 'बघू'चं इंग्रजी करताना. 'वी विल ट्राय' म्हटलं की शब्द जातात, पण आवाज, चेहरा आणि तो छोटासा पॉज कॉन्फरन्स कॉलच्या खरखरीत इथेच राहतो. पलीकडचा माणूस प्लॅनमध्ये 'शुक्रवार' लिहून मोकळा होतो.

इथपर्यंत ट्रेनिंगवाल्यांचं बरोबर आहे. माझा आक्षेप यापुढे सुरू होतो.

एका प्रोजेक्टवर मी हे जवळून पाहिलंय. क्लायंट जर्मनीतला, डेव्हलपमेंट पुण्यात. कॉलवर प्रश्न आला, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" काम ज्या मुलीकडे होतं ती दोन वर्षांच्या अनुभवाची. टेस्ट एन्व्हायर्नमेंटचा अ‍ॅक्सेस तिला मिळालेलाच नव्हता. दोनदा मेल टाकून झाली होती, उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "येस, वी विल ट्राय." शुक्रवार आला आणि गेला. सोमवारी एस्कलेशनची मेल आली, आणि वर्षअखेरीच्या रिव्ह्यूमध्ये तिच्या नावापुढे लागलं, 'कम्युनिकेशन स्किल्स सुधारणे आवश्यक'. त्या वर्षी तिचं प्रमोशन हुकलं.

आता ही संस्कृती झाली का? त्याच टीममध्ये दोन महिने आधी एकाने सरळ सांगितलं होतं, "या तारखेला होणार नाही." त्याला आमच्याच मॅनेजरने बाजूला घेऊन 'क्लायंटसमोर असं बोलायचं नसतं, जरा पॉझिटिव्ह राहा' असं समजावलं. हे त्या मुलीने पाहिलं होतं. तिने साधा हिशोब केला. आज नाही म्हटलं तर आज बोलणी, हो म्हटलं तर शुक्रवारी बोलणी, आणि शुक्रवारपर्यंत कदाचित अ‍ॅक्सेस मिळेलही. तिच्या जागी म्युनिकचा मुलगा असता तरी त्याने हाच हिशोब केला असता असं मला वाटतं.

संस्कृती मोजायची म्हटलं की हॉफस्टेडचं नाव निघतंच. या डच अभ्यासकाने आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासून १९८० साली पुस्तक लिहिलं. त्यात 'पॉवर डिस्टन्स' ही कल्पना आहे, म्हणजे वरचा आणि खालचा यांच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरतात. भारताचा आकडा जर्मनी-अमेरिकेपेक्षा बराच वर आहे. पण हे आकडे देशांच्या सरासरीचे आहेत, कॉलवर बसलेल्या एका माणसाचे नाहीत. आणि बिल पाठवणारा आणि बिल भरणारा यांच्यातलं अंतर त्यात कुठेच मोजलेलं नाही. आमच्या धंद्यात खरं अंतर तेच असतं.

हे अंतर पाहायचं असेल तर घड्याळ बघा. कॅलिफोर्नियातला सकाळी साडेआठचा कॉल उन्हाळ्यात पुण्यात रात्री नऊला येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तोच कॉल रात्री दहाला. आपण घड्याळाला हात लावलेला नसतो, तरी आपलं जेवण, मुलांचं झोपणं, सगळं तासभर सरकतं. मार्चमध्ये आणखी मजा. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे तिन्हीकडच्या लोकांना एकत्र आणायचं म्हणजे पंचांगच काढून बसावं लागतं. गैरसोय होणारच, पृथ्वी गोल आहे. पण ती दरवेळी एकाच बाजूला का? महिन्याआड कॉलची वेळ बदला, एकदा त्यांनीही रात्री नऊला बसून बघावं. ज्या टीमने हे केलं तिथे निम्म्या कॉलची गरजच नव्हती हे लोकांना आपोआप कळलं.

दुसरं म्हणजे प्रश्न बदला. "होईल ना?" या प्रश्नाला 'हो' हे एकच सभ्य उत्तर आहे. त्याऐवजी विचारा, "शुक्रवार चुकलाच तर कशामुळे चुकेल?" आता अडचण सांगणं हा उद्धटपणा राहत नाही, ते प्रश्नाचं उत्तर होतं. त्या मुलीला असं विचारलं असतं तर अ‍ॅक्सेसचा विषय एका मिनिटात निघाला असता.

तिसरं म्हणजे लिहा. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफची पद्धत मला फार आवडते. वर्षातून तीनदा लोक प्रत्यक्ष भेटतात, पण तिथे जे ठरलंसं वाटतं ते मेलिंग लिस्टवर पुन्हा पक्कं करावं लागतं. म्हणजे जो येऊ शकला नाही, ज्याला इंग्रजी बोलायला वेळ लागतो, ज्याला रात्री विचार करून सकाळी आक्षेप घ्यायचाय, त्या सगळ्यांना संधी मिळते. आपल्याकडची कितीतरी मुलं कॉलवर अडखळतात, पण मेल अशी लिहितात की वाचत राहावं. तोंडी ठरलेलं चोवीस तास कच्चं धरा, फार काही अडत नाही.

आणि हे फक्त परदेशी टीमसाठी नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाशी पोचताना हरवलं. एका टीमच्या सॉफ्टवेअरमधून थ्रस्टरचे आकडे पौंडांच्या हिशोबात येत होते, दुसरी टीम ते न्यूटनच्या हिशोबात वाचत होती. दोन्ही टीम अमेरिकन, दोन्हींची भाषा एकच. चौकशी अहवालात जी कारणं नोंदवली गेली त्यात गटागटांमधला संवाद फारच अनौपचारिक होता, हेही एक होतं. तिथे कुणी 'अमेरिकन लोकांना नाही म्हणता येत नाही' अशी स्लाइड काढली नाही.

आता थोडं आपल्या बाजूचं. सगळं खापर सिस्टीमवर फोडून आपण मोकळे व्हायचं, असं मी म्हणत नाही. 'नाही' म्हणायची एक रीत आहे आणि ती शिकता येते: काय होणार नाही, कशामुळे, आणि त्याऐवजी काय, कधी. "अ‍ॅक्सेस नाही, त्यामुळे शुक्रवारी टेस्टिंग होणार नाही; आज मिळाला तर बुधवारी देते." हे मंगळवारी सांगितलं तर क्लायंट प्लॅन बदलतो. तेच शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं तर तो चिडतो, आणि त्याचं चुकत नाही.

पण सुरुवात वरच्यांनी करायची आहे. टीममधल्या पहिल्या 'नाही'चं काय होतं, हे बाकीचे सगळे गुपचूप बघत असतात. त्याला बाजूला घेऊन समजावलंत, तर पुढचे सहा महिने तुम्हाला फक्त 'येस, वी विल ट्राय' ऐकू येईल. मग कितीही ट्रेनिंगं भरवा.

पुढच्या आठवड्यात तुमच्या कॉलवर कुणी 'वी विल ट्राय' म्हणालं, तर थांबा आणि विचारा, "काय अडलंय?" काय उत्तर आलं ते मलाही कळवा.