अमेरिकेचे गोडवे आणि मुळशीचे पाणी

अमेरिका मोठी कशी झाली, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील सुशिक्षित मंडळींना तोंडपाठ असते. देशोदेशींची धाडसी माणसे तेथे गेली, त्यांनी यंत्रे घडविली आणि राष्ट्र उभे राहिले. व्याख्यानमालेत हेच, दिवाणखान्यात हेच, आणि मुलास विमानतळावर पोचवून परतणाऱ्या बापाच्या तोंडीही हेच. कार्नेगी १८४८ साली स्कॉटलंडहून पोरवयात आला आणि पोलादाचा राजा झाला. टेस्ला १८८४ साली न्यूयॉर्कास उतरला आणि १८९६ साली नायगाऱ्याची वीज बफेलो शहरास पोचली. या हकीकतींत खोटे काही नाही. खोटे आहे ते त्यांच्या आरंभी न बोलता धरलेले गृहीत. ते असे की, ही माणसे जेथे येऊन वसली ती जागा मोकळी होती.

लेस्टर पेल्टनचेच उदाहरण घ्या. हा ओहायोचा तरुण १८५० साली सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियास गेला. सोने काही त्याला लाभले नाही. पण खाणींवर सुतारकाम व यंत्रकाम करता करता उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या झोताने फिरणारे एक चक्र त्याने बसविले आणि १८८० साली त्याचा हक्क नोंदविला. स्थलांतर आणि शोध यांचा इतका नमुनेदार मिलाफ शोधूनही सापडावयाचा नाही. मात्र याच सुवर्णयात्रेच्या काळात कॅलिफोर्नियातील मूळ रहिवासी सुमारे दीड लाखांवरून १८७० पर्यंत सुमारे ३० हजारांवर आले. आपल्या व्याख्यात्यांच्या टिपणवहीत चक्र असते. ही बेरीज-वजाबाकी नसते.

हे चक्र सातासमुद्रांपलीकडेच राहिले असते, तर त्याविषयी लिहिण्याचे मला कारण नव्हते. पण ते आपल्या उंबऱ्याशी आले. मुळा ही मूळची पूर्ववाहिनी. पुण्यास मुठेला भेटून भीमेच्या वाटेने जाणारी. टाटा कंपनीने मुळा-नीळा संगमाशी, मुळशीस, तिला अडविले आणि बोगद्यातून पश्चिमेस वळवून सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे सोडले. १९२७ साली पेल्टनच्याच जातीची चक्रे तेथे फिरू लागली. मुंबईस वीज मिळाली आणि मुळेचे पाणी कुंडलिकेस मिळाले. पुढे १९२९ साली टाटांच्या जलविद्युत कंपन्यांच्या व्यवस्थेत एक अमेरिकन कंपनी भागीदारही झाली. म्हणजे मुळशीचे खोरे अमेरिकेच्या औद्योगिक इतिहासाबाहेरचे नाही. प्रश्न एवढाच की, त्या इतिहासात मुळशीकराने कोणत्या बाजूस उभे राहावयाचे?

उत्तर कडू आहे. तो पेल्टनच्या बाजूस नाही. पेल्टन येण्यापूर्वी जो तेथे होता, त्याच्या बाजूस आहे. सुमारे ५० गावांच्या जमिनींवर धरणाची छाया पडली. आंबेमोहोर पिकविणारी ही भातखाचरे १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याखाली घेण्यात आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. ‘यंत्राचे शत्रू’ अशी अशा माणसांची बोळवण करणे सोपे असते; परंतु त्यांचा पुढारी पांडुरंग महादेव बापट हा एडिंबरोस यंत्रशास्त्र शिकण्यासाठी गेलेला विद्यार्थी होता. चक्र कसे फिरते हे त्याला बहुधा आपल्या व्याख्यात्यांपेक्षा अधिक ठाऊक असेल. ते कोणाच्या अंगावरून फिरते, हेही त्याला दिसले, एवढाच त्याचा अपराध. १९२४ साली रेल्वेगाडी अडविल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, आणि धरण पुरे झाले.

“पण मोबदला दिला होता ना?” असे विचारणारा सद्गृहस्थ येथे हटकून उभा राहतो. दिला होता. तो कागद पाहून दिला जातो, आणि मुळशीतील कित्येक जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या पेटीत होते. सावकार मोबदल्यास अनुकूल होते. ज्याने चिखल तुडविला होता त्याला जमीनच हवी होती. ज्या पेठांतून आज अमेरिकेचे पोवाडे निघतात, त्याच पेठांतल्या वाड्यांतून तेव्हा हा व्यवहार पसंत केला गेला. हे लिहिताना माझाही वर्ग मी त्यातून वगळीत नाही.

वीज नको असे म्हणणारा मी नव्हे; हा लेख मी दिव्याखालीच लिहीत आहे. माझे भांडण वहीच्या एकाच पानाशी आहे. ज्या नायगाऱ्याने टेस्लाला कीर्ती दिली, त्याच्याच नव्या वीजयोजनेच्या जलाशयासाठी टस्करोरा जमातीची सुमारे १,३८३ एकर राखीव जमीन मागण्यात आली. जमात न्यायालयात गेली आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयात हरली. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी विरुद्ध मत नोंदविले, तेवढेच. मुळशीचा मावळा आणि टस्करोरा यांची भेट कधी झाली नाही. पण दोघांनाही सांगण्यात आलेले कारण एकच होते: शहरास वीज हवी आहे.

आणि ज्या स्थलांतराचे एवढे कौतुक, त्याचीही वागणूक पाहा. चिनी मजुरांनी लोहमार्ग बांधला. तो १८६९ साली पुरा झाला आणि १८८२ साली कायद्याने चिनी मजुरांस दार बंद झाले. मुळशीचा लढा चालू होता त्याच काळात, १९२३ साली, हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. आपल्या मुलांना ती वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती १९६५ च्या कायद्याने. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा आपल्या घरांतून केवढा हाहाकार उठला! परदेशी माणसास त्याच्या कामावरून जोखावे, जन्मावरून नव्हे, हे तत्त्व त्या आठवड्यात सर्वांना स्मरले. तेच तत्त्व हिंजवडीचे मनोरे बांधणाऱ्या परप्रांतीय मजुराविषयी बोलताना कोठे जाते? मुळशी, मावळ, खेड या भागांतून मुंबईस जाऊन पिढ्यान्‌पिढ्या डबे वाहणाऱ्या माणसाला ‘स्थलांतरित’ हा भारदस्त शब्द आपण कधी लावला काय?

हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. ज्या तालुक्याने गेल्या शतकात मुंबईच्या चक्रांसाठी पाणी दिले, त्याच तालुक्याच्या शेतांवर आज अमेरिकेची संगणककामे चालतात, आणि तेथूनच अमेरिकेची विमाने गाठली जातात. तेव्हा अमेरिकेच्या थोरवीवरील पुढची व्याख्यानमाला पुण्यात अवश्य भरवावी. फक्त तिचे एक व्याख्यान तालुक्याच्या ठाण्यास, पौडला, ठेवावे, आणि ते संपल्यावर प्रश्न विचारावयास श्रोत्यांना भरपूर वेळ द्यावा.