शिकागो बांधले कोणी?

महानगरांच्या औद्योगिक इतिहासावरील लेखन वाचताना आम्हाला एक व्याकरणिक बाब सतत खटकते. या लेखनात कर्ता एक तर एकटा असतो किंवा मुळी नसतोच. 'मॅकॉर्मिकने कापणीयंत्रांचा कारखाना काढला', 'स्विफ्टने देशाला मांस पुरवले', 'पुलमनने गाव वसवले'. आणि असा कोणी नायक हाताशी नसला की 'शहर उभे राहिले'. शिकागोविषयी तर असे लिहिण्याची रूढीच पडली आहे. या रूढीला पहिली हरकत भाषा शिकवणाऱ्यांनी घ्यायला हवी, असे आमचे मत आहे.

१८४० साली शिकागोची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. १८९० मध्ये ती दहा लाखांच्या पुढे गेली. १८४८ साली इलिनॉय-मिशिगन कालवा खुला झाला आणि त्याच वर्षी धान्यव्यापाराचे बोर्ड ऑफ ट्रेड स्थापन झाले. 'खुला झाला' हे क्रियापद पाहावे. तो कालवा खोदणाऱ्यांत आयर्लंडहून आलेल्या मजुरांचा मोठा भरणा होता. वाक्यात मात्र त्यांना जागा नाही.

स्विफ्टचे उदाहरण घेऊ. बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यातून त्याने शिकागोचे मांस पूर्वेकडच्या शहरांत पाठवले, हे खरेच. पण त्याच्यासाठी कामाला येईल असा डबा आखून दिला तो अँड्र्यू चेस या अभियंत्याने. १८६५ साली सुरू झालेल्या युनियन स्टॉक यार्ड्सच्या परिसरात जे कत्तलखाने वाढले, त्यांत टांगलेले जनावर पुढे सरकत जाई आणि प्रत्येक कामगार आपापला एकच काप घेई. मोटारीच्या जुळणीच्या कल्पनेला या पद्धतीचा आधार मिळाल्याचे हेन्री फोर्डने १९२२ च्या आत्मकथनात नमूद केले आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत हे कौतुकाने सांगितले जाते. एका कसबी खाटकाचे काम असे अनेक हातांत वाटले, की त्याच्या जागी कोणालाही कमी मजुरीवर उभे करता येते, हा त्याच पद्धतीचा दुसरा अर्थ होय.

पुलमनच्या 'आदर्श' गावात घरे कंपनीची आणि भाडेही कंपनीचेच. १८९३ च्या मंदीत कंपनीने मजुरी उतरवली, घरभाडे मात्र तसेच ठेवले. १८९४ मध्ये संप झाला. यूजीन डेब्सच्या रेल्वे संघटनेने त्याला पाठिंबा दिला आणि तो मोडण्यासाठी संघराज्याचे सैन्य शहरात आले. १८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांची ही वस्ती विकण्याचा आदेश कंपनीला दिला. 'पुलमनने गाव वसवले' या वाक्यात यातले किती उरते?

आपल्याकडे शिकागो म्हटले की १८९३ ची सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. त्याच वर्षी, परिषदेच्या काही आठवडे आधी, राज्यपाल ऑल्टगेल्ड यांनी हेमार्केट खटल्यातील तिघा कैद्यांना माफी दिली. आठ तासांच्या दिवसाच्या मागणीसाठी १८८६ च्या मे महिन्यात शिकागोत आंदोलन झाले, ४ मे रोजी हेमार्केटच्या सभेवेळी बॉम्ब पडला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही चौघांना १८८७ साली फाशी झाली. १ मे हा कामगार दिन झाला तो या घटनांमुळे. १९६० पासून तोच आपला महाराष्ट्र दिनही आहे.

आता साहित्याकडे येऊ. अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही १९०६ सालची कादंबरी वर्गात 'निसर्गवादाचा नमुना' म्हणून उरकली जाते आणि शिकागो 'पार्श्वभूमी' ठरते. तिचा नायक लिथुआनियाहून आलेला मजूर आहे. लेखकाला त्याची दैना दाखवायची होती. वाचक हादरले ते आपल्या ताटातल्या मांसाने. त्याच वर्षी मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन कायदे झाले. त्यांनी खाणाऱ्याला संरक्षण दिले, कापणाऱ्याला नाही. सिंक्लेअर यांनी स्वतः ही खंत व्यक्त केली होती. ज्या वाचनात मजूर दिसेनासा होतो, त्याला 'निसर्गवाद' ही संज्ञा देऊन समीक्षा पूर्ण होत नाही.

यावर कोणी म्हणेल, भांडवल घालणारा आणि धोका पत्करणारा नसता तर हे काहीच घडले नसते. मान्य. त्याचे नाव पुसा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु धोक्याचा हिशेब मांडायचाच तर कत्तलखान्यात बोटे गमावणाऱ्याचा धोकाही त्यात धरावा लागेल. मालकाचा धोका म्हणजे साहस आणि मजुराचा धोका म्हणजे अपघात, ही विभागणी इतिहासाने केलेली नाही. ती लिहिणाऱ्यांच्या शब्दनिवडीतून आली आहे.

स्टॉक यार्ड्स १९७१ मध्ये 'बंद झाले'. साउथ वर्क्स हा प्रचंड पोलाद कारखाना १९९२ मध्ये 'बंद पडला'. ज्यांना शहर बांधल्याचे श्रेय देताना सकर्मक क्रियापदे पुरत नव्हती, त्यांच्याच वारसांनी टाळे लावले तेव्हा मराठीतले 'पडणे' हे अकर्मक क्रियापद अगदी सोयीचे ठरते. साउथ वर्क्स यू. एस. स्टील या मालक कंपनीने बंद केला. विद्यार्थ्यांनी असे प्रत्येक वाक्य थांबून वाचावे, कर्ता शोधावा आणि तो वगळलेला असेल तर लिहिणाऱ्याला कारण विचारावे. साहित्याच्या वर्गात एवढे तरी शिकवता आले पाहिजे.